गुलाबी जागेवरचं शेवाळ

"ऊठ, बोरम. दोन जीव उभे आहेत."

आईचा तो आवाज कोपराने ढोसतच यायचा. बंदरावरच्या गावातली खडखडती बस, पायाशी माशांच्या पाट्या, काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पांढरा थर. पोट दिसायच्या कितीतरी आधी आईला कळायचं. पायरी चढताना बाईचा हात कुठे जातो, एवढं बघून ती ओळखायची. बोरम उठायची, ती बाई बसायची. कुणी मागितलेलं नसायचं, म्हणून कुणी आभारही मानायचं नाही.

आज बुसानच्या भुयारी गाडीत तो आवाज बोरमची पाठ सोडत नव्हता. तिच्याच पोटात दुसरा महिना सरत होता. हात राहून राहून पोटाकडे जायचा, आणि शेजारी सासूबाई उभ्या म्हणून ती तो ओढून परत वरच्या कडीला लावायची.

गेल्या आठवड्यात लाल डाग दिसला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फार वेळ उभं राहू नका. नवऱ्याला, जेहोला, तेवढं ठाऊक. सासूबाईंना कशाचाच पत्ता नव्हता. कारण आताचं सांगायचं तर गेल्या हिवाळ्यातलंही सांगावं लागलं असतं. वर्षाची किमची घालायच्या दिवशी सासूबाईंच्या अंगणात ती सकाळपासून उकिडवी बसली होती. कोबीचे गड्डे मिठात घातले, भरल्या पाट्या उचलल्या, गार पाण्यात हात बुडवून बुडवून बोटं लाल झाली. दुसऱ्या दिवशी पोटातलं सगळं वाहून गेलं. त्याच दिवशी सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, "आमची सून म्हणजे कामाला वाघीण!" एवढ्या मायेने बोललेलं वाक्य उलटं फिरवून त्यांच्याच पदरात कसं टाकायचं?

सासूबाई म्हणजे ओकसून. बुटक्या, ठणठणीत, गुडघे तेवढे कुरकुरणारे. काखेत त्यांनी सुक्या समुद्रशेवाळाची जुडी धरली होती, त्यांच्याहून उंच. मुलीचे, युंजूचे, दिवस भरत आले होते. बाळंतिणीच्या सूपासाठी बुजन नावाच्या बाजारातून पारखून घेतलेलं हे शेवाळ तिच्याकडे चाललं होतं. ते मोडायचं नाही, दुमडायचं नाही. दुमडलं की बाळ अडतं. गर्दी वाढली तशा त्या जुडीभोवती पिसं फुलवलेल्या कोंबडीसारख्या फिरायला लागल्या.

म्हाताऱ्यांच्या जागा भरलेल्या होत्या. टोकाची गुलाबी जागा, गरोदर बायांची, तेवढी रिकामी. ओकसूनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि जुडी अलगद त्या जागेवर उभी करून ठेवली.

समोरचा टोपीवाला माणूस हसला. "आजी, तुमचं शेवाळ कितव्या महिन्यात आहे हो?"

"नववा लागलाय!" ओकसूनबाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला धक्का मारू नका म्हणजे झालं."

डबा हसला. बोरमही हसली आणि हसता हसता तिच्या कमरेत कळ उठली. शेवाळ बसलं होतं, ती उभी होती. मानेवरून घाम खाली चालला होता. हातात मुळ्यांची पिशवी, तीही सासूबाईंनीच दिलेली. पुढचं स्टेशन आलं की उतरावं, म्हणावं काहीतरी विसरले. पण उतरून जाणार कुठे? गाडी वळणावर कलली. तिने डोळे मिटले. राहा रे, मनात म्हणाली, या वेळेला तरी राहा.

तेवढ्यात गुलाबी जागेशेजारच्या दांड्यावरचा दिवा लुकलुकायला लागला.

गरोदर बाई जवळ आली की हा दिवा लावणारं, आरोग्य केंद्रातून मिळालेलं अंड्याएवढं यंत्र बोरमने बंद केलं होतं, मोज्यात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीच्या तळाशी घातलं होतं. पिशव्यांच्या रेटारेटीत बटण दाबलं गेलं असणार.

"अगंबाई!" ओकसूनबाईंनी जुडी झटक्यात उचलली. "कुणीतरी आहे! सरका, सरका! कुठे आहे ती? ये गं बये, जागा मोकळी आहे."

कुणी आलं नाही. दिवा लुकलुकत राहिला, गुलाबी, गुलाबी.

ढगळ स्वेटरातल्या एका मुलीकडे त्यांनी आशेने पाहिलं. "तू का गं, पोरी?"

"मी नाही हो आजी! मी फक्त जेवून आलेय."

"मग तुम्ही?"

"माझा धाकटा सैन्यात आहे," दारातली बाई फणकारली.

एका तरुणाने संधी साधून बसायला बूड टेकवलं, तर शेवाळाचं टोक त्याच्या कानाशी आलं. "उठायचं! दिवा काय तुझ्यासाठी लागलाय?" तो उठला. ओकसूनबाई त्या रिकाम्या जागेपुढे ठाण मांडून उभ्या राहिल्या. साऱ्या डब्यावरून त्यांची नजर फिरली, फक्त शेजारच्या सुनेवर थांबली नाही. हाताशी असलेलं कोण बघतं?

मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"लाजत असेल बिचारी. पहिले दिवस असतील, कुणाला सांगितलं नसेल. आणि आपण सगळे टकमक बघतोय! मिटा बरं डोळे. सगळ्यांनी. तिला बसू दे."

"आजी, आमचं स्टेशन जाईल की!" टोपीवाला म्हणाला.

"जाऊ दे. पुढच्याला उतरा. मिटा!"

आणि खरंच, कुणी हसत, कुणी मान हलवत, एकेकाने डोळे मिटले. ओकसूनबाईंनी तर जुडी छातीशी धरून असे घट्ट मिटले की सगळ्या सुरकुत्या नाकाशी गोळा झाल्या. चाकांचा आवाज तेवढा उरला. बोरम बघत राहिली. एवढी माणसं, एकमेकांची कुणी नाहीत, आणि एका न पाहिलेल्या बाईसाठी अंधारात उभी आहेत. पाय आपोआप हलले. दोन माणसांमधून ती वाकून गेली, सासूबाईंच्या कोपराखालून, आणि बसली. कंबर टेकली तेव्हा तोंडातून हुंदक्यासारखा श्वास सुटला.

ओकसूनबाईंनी डोळे उघडले.

"बाळा! अगं ऊठ, तू काय बसलीस? त्या बिचारीला…"

बोरम उठली नाही. दोन्ही हात पोटावर ठेवून ती वर बघत राहिली. सासूबाईंनी दिव्याकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं. जुडी त्यांच्या काखेतून घसरली; टोपीवाल्याने ती वरच्या वर झेलली. "असू द्या, मी धरतो," तो हळूच म्हणाला. "मोडू देत नाही."

कुरकुरणारे गुडघे दुमडून ओकसूनबाई तिच्यापुढे खाली बसल्या. आधी तिच्या मनगटाला अडकवलेली मुळ्यांची पिशवी ओढून घेतली.

"केव्हापासून?"

"दुसरा सरतोय, आई."

"आणि मी तुला मुळे उचलायला लावले! उभं ठेवलं! शेवाळ बसवलं आणि तुला उभं ठेवलं!" त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. मग डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून राग आला. "मला का नाही बोललीस? मी काय सुनेला खाते? आणि तोंड सुकलंय बघ कसं. पहिलटकरणीने सासूला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?"

बोरमने नुसती मान हलवली असती तर एवढ्यावर भागलं असतं. सासूबाईंचा खरबरीत, ऊबदार हात तिच्या गुडघ्यावर होता. त्यालाही किमचीच्या मिठाने पडलेल्या जुन्या भेगा होत्या. हा हात आता रोज येणार होता, पाट्या उचलायला, सूप भरवायला. त्याच्याशी खोटं बोलून सात महिने कसे काढायचे?

तिने त्या हातावर आपला हात ठेवला, घट्ट, म्हणजे तो मागे घेतला जाऊ नये.

"मी पहिलटकरीण नाही, आई," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात तुमच्या अंगणात कोबी धुवत होते ना, तेव्हाही मी एकटी नव्हते."