आपलं आणि परकं

माझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेल्याचं निदान झालं, त्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गाला उत्सर्जन संस्थाच शिकवत होते. फळ्यावर आकृती काढून पोरींना म्हणत होते, "नीट बघा, देवाने दोन दिलीत म्हणून माजू नका." देवाला विनोद आवडत असावा. मला तो आवडला नाही.

ते पंच्याऐंशी साल. भांडुपच्या मराठी शाळेतून लांबलचक रजा घेतली, आणि आठवड्यातून दोनदा मुलुंडहून शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घेणं एवढाच माझा उद्योग उरला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड बदलू, पण घरातलं कोणी देणारं हवं. माहेरी माझं कोणी उरलेलं नाही. आमचे हे, म्हणजे मधुकर, लगेच म्हणाले, "माझं घ्या की. मला एक बास झालं." शेजारणीने विरजण मागावं आणि आपण वाटी पुढे करावी, तसं. विक्रोळीच्या कारखान्यात फिटर असलेला हा माणूस एरवी नवा सदरा घ्यायचा म्हटला तरी महिनाभर विचार करतो. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि रडूही आलं. रक्तगट जुळला.

डॉक्टर मला समजावत होते. "तुमच्या शरीराने ते परकं म्हणून नाकारू नये, एवढंच बघायचं."

"पण शरीराला कसं कळतं, आपलं कुठलं आणि परकं कुठलं?" मी विचारलं.

"बाई, ते फार मोठं शास्त्र आहे. तुम्ही आराम करा."

माणूस चांगला होता, पण हे वाक्य त्याने मला म्हणायला नको होतं. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. वर्गात कोणी प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत नसेल, तर 'उद्या सांगते' म्हणून मी खरोखर उद्या सांगत आलेय. माझ्याच शरीराचा प्रश्न, आणि मी आराम करू?

यांचा मित्र शिवदास ट्रॉम्बेला अणुसंशोधनाच्या वाचनालयात कामाला होता. त्याने स्वतःच्या नावावर रोगप्रतिकारशास्त्राचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढून आणला. "वहिनी, हा डॉक्टर लोकांनाही झेपत नाही म्हणे," असं म्हणून त्याने तो टेबलावर ठेवला, तर टेबल हललं. सासूबाईंनी पुस्तकाकडे एकदा आणि माझ्या सुजलेल्या पायांकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

पहिले कित्येक दिवस सगळं डोक्यावरून गेलं. एकेका वाक्यात चार शब्द अडायचे. त्यातले दोन शब्दकोशातही नसायचे. मशीनवर पडल्यापडल्या एका हाताने पुस्तक धरायचं, कारण दुसऱ्या हातात सुया. नर्स हसायच्या. हळूहळू मी जुनीच युक्ती केली. सगळं आठवीच्या पोरींना शिकवायचंय असं समजून मनात मराठीत बोलायला लागले. प्रतिपिंडं म्हणजे शरीराने एकेका परक्यासाठी खास घडवलेली हत्यारं. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या, अर्ध्या बापाकडून. पहारेकरी पेशी त्या खुणा चाचपत फिरतात. आणि लढाई संपली की बाकीच्या मरतात, पण थोड्या मागे राहतात, वर्षानुवर्षं गप्प, शत्रूची खूण लक्षात ठेवून. पुस्तकात त्यांना आठवण ठेवणाऱ्या पेशी असंच म्हटलं होतं. ते वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मशीन लावलेलं विसरून मी उठायलाच गेले आणि शिव्या खाल्ल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षेसाठी न शिकता नुसती शिकत होते. हे कामावरून आले की चहा पीत विचारायचे, "काय मॅडम, आज कुठली पेशी?" आणि मी सांगायचे. त्यांना किती कळत होतं देव जाणे, पण मान डोलवायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. इस्पितळात पहिल्या दिवशी एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होता. त्याने विचारलं, "मुलं किती?" शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "एक. मुलगी. नववीत आहे." मीही होकारार्थी मान हलवली. तो खोटेपणा नव्हता. आमच्या घरात गेलेली मुलं मोजत नाहीत. मोजली की जगलेल्याला दृष्ट लागते, म्हणून त्यांचा आकडा तोंडातून काढायचा नाही, त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. या मुलीच्या, अनुपमाच्या, आधी सातव्या महिन्यात एक गेली. तिच्यानंतर एक मुलगा पूर्ण दिवसांचा, पण आतच गेलेला. मग आणखी एक, पाचव्या महिन्यात. मुलग्याच्या वेळी मी शुद्धीवर आले तोवर त्याला नेलं होतं. मी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःशीसुद्धा 'एक मुलगी' असंच म्हणत आले होते.

यांच्या पेशी आणि माझं रक्त एकत्र करून तपासणी झाली. काही विरोध दिसला नाही. दिवाळीनंतरची तारीख मिळाली. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. अनुपमा मला विचारायला लागली की बरी झाल्यावर तू मला वर्सोव्याहून होडीने मढला नेशील का. नेईन म्हटलं. त्या दिवसांत मी चक्क गुणगुणायचे.

आणि मग मी अवयव बदलण्याचं प्रकरण उघडलं. शेवटी ठेवलं होतं, गोड पदार्थ ठेवतात तसं.

त्यात एक परिच्छेद बायकांबद्दल होता. पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं. त्याच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि आईचं शरीर नवऱ्याच्या खुणा ओळखायला शिकतं. काही बायकांमध्ये त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. जितकी गर्भारपणं जास्त, तितका संभव जास्त. वर्षं गेली की ती प्रतिपिंडं रक्तातून दिसेनाशी होतात आणि तपासणी स्वच्छ येते. पण आठवण राहते. मग त्याच नवऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर शरीर काही दिवसांतच त्याच्यावर तुटून पडू शकतं.

मी ते तीनदा वाचलं. इंग्रजी चुकत असेल अशी फार आशा होती. चुकत नव्हतं.

यांना सांगितलं तेव्हा हे बूट काढत होते. सगळं ऐकून म्हणाले, "पण तपासणीत काही आलं नाही ना?"

"तपासणी आजच्या रक्ताची आहे. आठवण त्यात दिसत नाही."

"होईलच असं लिहिलंय का?"

"होऊ शकतं असं लिहिलंय."

"मग बोलू नकोस काही. माला, माझं मी देतोय ना? वाया गेलं तर माझं जाईल. तुला काय त्याचं?"

खरं सांगते, मला बोलायचं नव्हतंच. मला जगायचं होतं. चार दिवस मी स्वतःला पटवत राहिले की डॉक्टरांना काय कमी कळतं, त्यांनी विचारलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते येत राहिलं. हे एका टेबलावर कुशीवर कापलेले, मी दुसऱ्या टेबलावर, आणि त्यांच्यातून काढलेलं माझ्यात काळं पडत चाललेलं. ज्यांचा नखाएवढा दोष नाही अशा माणसाला जन्मभर अर्धं करून ठेवायचं, आणि तेही मला ठाऊक असताना? पाचव्या दिवशी मी मशीनवर असताना मोठे डॉक्टर फेरीला आले. मी त्यांना सगळी मुलं सांगितली. एकेक करून, महिन्यांसकट.

ते स्टूल ओढून बसले. हे शास्त्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते चिडले, पण आवाज चढवला नाही. "आधी सांगितलं असतंत तर आधीच वेगळा विचार केला असता. त्या बाळंतपणांच्या वेळचं तुमचं रक्त कोणी जपून ठेवलेलं नाही. आता नक्की सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही. आणि शंका असताना मी निरोगी माणसावर सुरी चालवणार नाही." मग म्हणाले, "तुम्ही हे कुठे वाचलंत?" मी सांगितलं. तारीख रद्द झाली.

घरात भूकंप व्हावा असं मला वाटलं होतं. झाला नाही. ह्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. एकदाच फक्त भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या पुस्तकाने वाट लावली आपली." इस्पितळात मला नेत-आणत होते, हात धरून टॅक्सीत बसवत होते, पण तोंडातून शब्द नाही. ते द्यायला तयार असताना मीच त्यांचं नाकारलं, असं त्यांना वाटत होतं. सासूबाईंना मी कारण सांगितलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं असावं, कारण त्या माझ्यासमोर यायचं टाळत होत्या.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हे माझ्या खाटेपाशी येऊन बसले. शिवदास पुस्तक न्यायला संध्याकाळी येणार होता.

"कुठलं पान ते? दाखव," म्हणाले.

मी काढून दिलं. त्यांना एवढं इंग्रजी येत नाही. ओळींवरून बोट फिरवत म्हणाले, "वाच. मराठीत सांग."

मी सांगितलं. पहिल्यापासून, सावकाश. आठवीला सांगितलं असतं तसं.

"म्हणजे ती पोरं अजून आहेत तुझ्यात?"

तो प्रश्न वर्गात कोणी विचारला असता तर मी सरळ 'नाही' म्हटलं असतं. "ती नाहीत. त्यांची ओळख आहे. तुमच्या खुणा होत्या ना त्यांच्या अंगावर, त्या शरीराने लक्षात ठेवल्यात."

"तिघांच्या?"

"तिघांच्या आणि अनूच्याही. वेगवेगळ्या करून सांगता येत नाहीत."

त्यांनी पुस्तकावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. सासूबाई ओल्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं मुंबईत राहिलेली बाई, माझ्याशी कधी गावच्या बोलीत फारशी बोलत नाही.

"तेका मियांच न्हाणयलंय गो," त्या म्हणाल्या. "झिलाक. केस दाट होते तेचे. तुज्यासारके कुरळे."

मुलाला त्यांनी स्वतः न्हाऊ घातलं होतं, हे मला माहीत नव्हतं. केस होते हेसुद्धा माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बसा ना. आणखी सांगा." त्या खाली जमिनीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. तो किती लांब होता, त्याच्या पायाची बोटं कशी होती, त्याला कुठल्या दुपट्यात गुंडाळलं. मग पहिलीबद्दल, मग शेवटच्याबद्दल. हे ऐकत होते आणि रडत होते. आणि माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती, मला मरायचं नाही, मला मरायचं नाही. एवढ्या आजारात ते इतकं कधी वाटलं नव्हतं.