माझा चौथा ठोका

मित्रांनो, मी एक जुनी ड्रम मशीन आहे आणि अजून धक्क्यातून सावरलेली नाही. नावात ड्रम असला तरी माझ्यात ना ढोल, ना कातडं. मी एक चपटी, करड्या रंगाची पेटी आहे. अंगावर बटणांच्या रांगा आणि डाव्या कडेला आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण. मला सुरू केलं की आतली वीज ठोके देते : धम, टक, धम, टक. वाजवणारा माणूस दमतो, मी दमत नाही, म्हणून तर मला जन्माला घातलं.

जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात तारा जोडताना चौथ्या ठोक्याचा एक चिमुकला भाग सदोष निघाला. तपासणीला बसलेल्या बाईंनी मला सुरू केलं, तीन ठोके ऐकले, मान डोलावली आणि पास करून टाकलं. चौथा ऐकायला त्या थांबल्याच नाहीत! एवढ्या मोठ्या कारखान्यात असा कारभार चालतो, हे मला आजही खरं वाटत नाही.

तर माझा चौथा ठोका जरा उशिरा पडतो. म्हणजे पडायचा. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर. पण नाचघरातल्या ज्या वाद्यवृंदात मी पहिल्यांदा कामाला लागले, तिथला गायक तेवढ्यानेही हैराण व्हायचा. "ही बया चौथ्याला झोपते!" असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. माझी रवानगी कपाटात झाली आणि कपाटातून जुन्या सामानाच्या दुकानात.

तिथे मला ठमी भेटली. हे तिचं खरं नाव नव्हे, तिचे मामा तिला लाडाने तसं म्हणतात. तेव्हा ती कॉलेजात होती, हेडफोन सदा गळ्यात. तिने मला सुरू केलं, ऐकलं आणि खुदकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, हिच्यात काही बिघाड आहे का हो?" तिने विचारलं.

दुकानदार सरळ माणूस होता. "आहे ना. चौथ्याला अडखळते. लपवून कशाला ठेवू?"

"मग हीच द्या," ठमी म्हणाली. दुकानदाराने आ वासला. मला तोंड असतं तर मीही वासला असता.

ठमीची खोली एका लॉन्ड्रीच्या वर होती. खालून इस्त्रीची वाफ यायची, वर संगणक, एक कीबोर्ड आणि मी. तिथे तिने एक रचना केली. तिला शब्द नव्हते, नुसते आवाज होते आणि तळाशी माझा ठेका. नाव ठेवलं 'पायरी'. जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं वाटतं, पण अजून एक उरलेली असते आणि पाय पोकळीत पडतो, तसं माझ्या चौथ्या ठोक्याला व्हायचं. आणि लोक त्यावर नाचले! ज्या खोडीसाठी मला शिव्या खाव्या लागल्या, त्याच खोडीवर माणसं उड्या मारत होती. मला वाटलं, यांना बहुतेक कळलेलं नाही. पण ती पुन्हा पुन्हा तेच लावायला सांगत.

मग दिवस पालटले. सगळे ठोके संगणकातच मिळू लागले. ठमीने नोकरी धरली आणि 'पायरी'नंतर तिचं दुसरं काही कुणाच्या कानात बसलं नाही. ओळखीपाळखीचे लोक तिला तोंडावर "एका गाण्याची बाई" म्हणू लागले. ती हसून सोडून द्यायची, पण मग चार-चार दिवस संगणक उघडायची नाही. माझ्यावर आधी धूळ बसली, नंतर धुतलेले कपडे आणि शेवटी एक कुंडी! विजेच्या यंत्रावर पाणी घातलेली कुंडी, मित्रांनो! मी जीव मुठीत धरून बसले होते.

अशात दूरच्या शहरातल्या एका लहानशा संगीत कंपनीचा निरोप आला. त्यांना 'पायरी' नव्याने काढायची होती आणि सोबत निरनिराळ्या कलाकारांनी केलेले रिमिक्स. रिमिक्स म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. तरी सांगते : एकाने शिवलेलं गाणं दुसऱ्याने उसवायचं आणि आपल्या मापाने पुन्हा शिवायचं. त्यासाठी त्यांना 'पायरी'तला एकेक आवाज सुटा हवा होता. बाकीचे आवाज ठमीकडे होते, पण माझ्या ठेक्याची टेप बुरशी लागून चिकटली होती. तो पुन्हा रेकॉर्ड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कुंडी हलली. ठमीने मला फडक्याने पुसलं, सुरू केलं, आणि आवाजाचं बटण भयंकर खरखरलं. ती तशीच मला काखोटीला मारून मामांच्या दुकानात गेली.

मामा म्हणजे ठमीच्या आईचे थोरले भाऊ. रेडिओ, पंखे, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करतात. त्यांचा एक नेम आहे : दुकानात आलेली वस्तू एकाही खोडीसकट परत जाता कामा नये. कुणी पंखा नुसतं बटण बदलायला आणला तर मामा त्याचं वाकडं पातंही सरळ करणार, आणि सांगणार नाहीत. अलीकडे मात्र त्यांचा हात थरथरू लागला होता. पकडीतून स्क्रू निसटायचे. शेजारच्या घड्याळवाल्याला ते म्हणाले होते, "आता एखादं बारीक काम जमलं तर ठीक. नाहीतर गाशा गुंडाळायचा."

"मामा, फक्त बटण खरखरतंय, तेवढं बघा," ठमी म्हणाली.

"ठेव. बघतो," मामा म्हणाले.

फक्त! मामांनी मला उघडलं, बटण साफ केलं आणि चालवून बघितलं. चौथा ठोका ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा ऐकला. मग भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या पोटात शिरले. ज्यांचं ऑपरेशन न विचारता झालं असेल, त्यांनाच माझी अवस्था कळेल. मामांचा हात थरथरायचा, ते थांबायचे, मनगट टेबलाला टेकवून पुन्हा सुरू करायचे. शेवटी तो जुना भाग निघाला आणि कचऱ्यात गेला. त्याच्या जागी नवा बसला.

धम, टक, धम, टक. चौथा ठोका वेळेवर!

मी हादरले. आवाज माझ्यातूनच येत होता, पण तो माझा नव्हता. मामांनी मात्र शर्टाच्या बाहीने डोळे टिपले आणि घड्याळवाल्याला हाक मारली. "ये, ऐक! हात अजून शाबूत आहे म्हणावं!"

घरी आल्यावर ठमीने मला जोडलं, रेकॉर्डिंग लावलं आणि माझं बटण दाबलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बंद केलं, पुन्हा लावलं. मग 'पायरी'चे बाकीचे आवाज माझ्यावर चढवून पाहिले. सगळं जागच्या जागी बसलं आणि 'पायरी' मेली. कुणाचाही पाय हलणार नाही असं काहीतरी वाजत होतं. ठमी जमिनीवर बसली. नेमका तेव्हाच मामांचा फोन आला.

"काय ठमे, कशी वाटली?"

मी वाट पाहत होते. आता ही सांगेल, मामा तो जुना भाग कचऱ्यातून शोधतील, मी पुन्हा मी होईन.

"मामा, एकदम नवी कोरी वाटतेय," ठमी म्हणाली. "तुमच्या हातात जादू आहे."

मित्रांनो, मी थक्क झाले. ती सरळ खोटं बोलली! पलीकडून मामांचं हसू माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. फोन ठेवून ती तोंड ओंजळीत धरून बसली. "कसं सांगू?" एवढंच म्हणाली.

पण कंपनी थांबणार नव्हती. ठमीने माझा चौथा ठोका बंद करून टाकला. तीन ठोके मी द्यायचे आणि चौथा तिने बोटाने, बटण दाबून, किंचित उशिरा. ऐकायला सोपं वाटतं. कधी बोट लवकर पडायचं, कधी फारच रेंगाळायचं. रविवारची दुपार गेली, बोटाचं टोक लाल झालं, खालचा लॉन्ड्रीवाला वर येऊन विचारून गेला, "ताई, सुतारकाम काढलंय का?" अखेर तिने डोळे मिटले, संगणकाकडे बघणं सोडलं, आणि जमलं. आवाज पाठवले गेले.

काही आठवड्यांनी रिमिक्स आले. आम्ही दोघींनी बसून ऐकले आणि मला धक्क्यांवर धक्के बसले. एकाने आमची 'पायरी' इतकी मंद केली होती की दोन ठोक्यांच्या मध्ये चहा पिऊन यावा. एकीने मला साफ काढूनच टाकलं होतं! तिसऱ्याने उलट फक्त मला ठेवलं होतं, पाण्याच्या रिकाम्या टाकीत घुमावं तसं, आणि ते ऐकताना ठमीचा पाय आपोआप हलू लागला. खरं सांगते, तो मला फार आवडला. तुम्हीही ऐका, हेडफोन लावून.

रेकॉर्ड बाहेर आलं. एका संगीतविषयक वेबसाइटवर दर आठवड्याला 'नवं आणि ऐकण्यासारखं' असं सदर येतं, त्यात आमचा नंबर पहिला लागला. लिहिणाऱ्याने भरभरून लिहिलं होतं : "या संगीताचा प्राण आहे एक बिघडलेली जुनी ड्रम मशीन. ती बिघडलेली आहे आणि देव करो ती तशीच राहो." ठमीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि खोलीभर नाचली. एका गाण्याची बाई! आता म्हणा!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा फोन आला.

"अगं, दादा दुकान बंद करतोय. काल हत्यारंसुद्धा देऊन टाकली त्याने. काही बोलतच नाही. तुला काही माहितेय का?"

ठमीने घड्याळवाल्याला फोन लावला, तेव्हा कळलं, की तो मजकूर त्याने मामांना कौतुकाने वाचून दाखवला होता. 'बिघडलेली' हा शब्द आला आणि मामा म्हणाले, "चुकून लिहिलं असेल. मी केलीय ना ती नीट." मग त्यांनी त्याच्याच फोनवर गाणं ऐकलं. चौथा ठोका उशिरा! पुन्हा ऐकलं. उशिरा! मामांनी फोन परत केला, हत्यारांची पेटी उचलून त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझा हात गेला रे."

हे ऐकून माझ्या पोटातल्या तारा गार पडल्या. ठमी तर चप्पल घालायचीही विसरली. मला छातीशी धरून ती रस्त्याने अनवाणी पळत सुटली.

मामा अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत बसले होते. समोरचं टेबल मोकळं. ठमीने काही न बोलता मला त्यावर ठेवलं, चौथा ठोका चालू केला आणि बटण दाबलं. धम, टक, धम, टक. सरळ, स्वच्छ, वेळेवर.

"ऐका मामा. तुमचं काम बिनचूक आहे."

"मग गाण्यातलं ते काय?"

"ते माझं बोट आहे. मी मुद्दाम उशिरा वाजवलंय."

"मुद्दाम?" मामा उभेच राहिले. "अगं, मी जीव ओतून ती नीट केली आणि तू बोटाने परत बिघडवलीस?"

"ती तशीच हवी होती मामा. तो बिघाड नव्हता. म्हणजे होता, पण गाणं त्याच्यावरच उभं होतं."

मामा पुन्हा खाली बसले. "म्हणजे मी तुझं नुकसान केलं. मग त्या दिवशी फोनवर का नाही बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता? आता बरं वाटलं होय मला?" मामा म्हणाले. "कालपासून हाताकडे बघत बसलोय मी."

ठमी रडायला लागली. मामा तिला रागावले, मग स्वतःच नाक शिंकरायला लागले. शटरखालून वाकून घड्याळवाला आत आला, हातात हत्यारांची पेटी. "मामा, हे तुमचं तुम्ही सांभाळा. माझ्या हाताला काही बसत नाही." मामांनी पेटी उघडली. तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक एका दिवसात जळून काळं झालेलं पाहून त्यांनी जो आरडाओरडा केला, त्याने पलीकडची माणसं गोळा झाली. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

शटर पूर्ण वर गेलं. मामा मला समोर ओढून स्क्रू पिळू लागले. "थांब, तुला हवी तशी करून देतो." झाकण निघालं. ते कितीतरी वेळ आत बघत बसले, पण त्यांचा हात काही पुढे होईना. शेवटी त्यांनी झाकण परत लावलं.

"नाही जमायचं गं ठमे. जन्मभर नीटच करत आलो. चांगली चालणारी वस्तू बिघडवायची कशी, ते मला येत नाही. ते तुझ्या बोटालाच राहू दे."

तेव्हापासून मी तीन ठोके देते आणि चौथ्याला ठमीकडे बघते. तिला शिंक आली की मी तिनावरच अडते.

मित्रांनो, तुम्हाला एक विनवणी करते. दुसऱ्याची वस्तू नीट करायला घेण्याआधी त्याला विचारा, की यात तुला नेमकं काय खुपतंय. आणि कुणी मायेने केलेलं काम तुम्हाला नको असेल, तर तेही त्याच दिवशी सांगा, मायेनेच सांगा. मामांनी मला उघडलं तेव्हा मी ओरडू शकले नाही. ठमी फोनवर खोटं बोलली तेव्हाही मी गप्पच होते. माझा इलाज नव्हता, मला तोंडच नाही. तुम्हाला आहे.