शेजारच्या ट्रंकेतला कागद

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण शाळेची नव्हे. माझ्यात एक वग आहे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, तेव्हा फणसवाडीतल्या चिंतामणींनी तो लिहिला. दिवसा ते कचेरीत कारकुनी करत आणि संध्याकाळी खिडकीजवळच्या ट्रंकेला टेकून माझी पानं भरत.

सगळंच काही माझ्या पोटात मावत नसे. पोवाडे सुट्या कागदांवर असत, म्हणजे एकच पोवाडा दोन-तीन वगांना चाले. माझ्यात नुसती खूण असे : ‘इथे शेजारच्या ट्रंकेतला वरचा कागद म्हणावा.’ तालीम त्याच खोलीत व्हायची. हात लांबवला की ट्रंक, झाकण उघडलं की कागद. कधी अडलं नाही.

त्यांची बायको कालिंदी एकदा म्हणाली, “अहो, कुणाच्या शेजारच्या, ते तरी लिहा!”

“अगं, या खोलीत ट्रंका आहेत तरी किती?”

खरंच होतं ते. त्या खोलीपुरतं.

मग काळाचौकीच्या एका चाळीतून बोलावणं आलं. तिथला जगदीश, गिरणीतला पोरगा, मोर्चात गोळी लागून गेला होता. त्याच्यावर चिंतामणींनी नवा पोवाडा रचला, ट्रंकेत वरच ठेवला आणि तापाने अंथरूण धरलं. पोवाडा अजून कुणी वाचलाही नव्हता. तालमीला कधी न आलेला गाणारा रामदास घाईघाईत आला आणि मला एकटीलाच काखेत मारून निघाला. “सगळं वहीत आहे,” म्हणाला.

चाळीच्या चौकात बाकडी जोडून रंगमंच केला होता. अगदी पुढे जगदीशची आई, मीराबाई, बसली होती. लेकाचं नाव पोवाड्यात ऐकायला आली होती बिचारी.

वग रंगला. ती खूण आली. रामदासने शेजारी पाहिलं, तर ट्रंक होतीच! पण ती चाळीच्या मंडळाची. त्याने वरचा कागद उचलला, डफावर थाप मारली आणि खड्या आवाजात पहिली ओळ म्हटली. तो निघाला रामनवमीचा पाळणा.

चौक खो खो हसला. “मेल्या, मोर्चो काढतंस की बारसो करतंस?” कुणीतरी ओरडलं.

रामदासने डफ खाली ठेवला. मीराबाई उठली. आता ही निघून जाणार, असं मला वाटलं.

“थांबलास का रे?” ती म्हणाली. “म्हण पुढं. पाळण्यावरच निजायचा माझा जगदीश. देवाच्या जागी त्याचं नाव घाल.”

रामदास गायला. हसणारेच मागून सूर धरू लागले.

दुसऱ्या दिवशी चिंतामणींनी सगळं ऐकलं. मग माझ्यातली ती खूण खोडून त्यांनी लिहिलं : ‘फणसवाडी, चिंतामणींची खोली, खिडकीजवळची ट्रंक, जगदीशचा पोवाडा.’

“आणि खोली बदलली तर?” कालिंदीने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने सुईदोरा घेतला आणि माझ्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा शिवला. पोवाडा त्यात गेला. आता मी जाईन तिथे तो येतो.

मित्रांनो, ‘शेजारी’, ‘इथे’, ‘वर’ असं लिहिताना आपल्याला आपलीच खोली दिसत असते. वाचणारा मात्र भलत्याच चौकात उभा असतो. माझी पानं आता पिवळी पडली, तरी मला हे विसरता येत नाही. मीराबाईने त्या संध्याकाळी सगळं सावरून घेतलं. पण लेकाचा पोवाडा ऐकायला आलेल्या आईवर सावरायची वेळ यावी का? कुणाच्या हाती काही सोपवाल, तेव्हा एवढं बघा.