पाच दिवस कुणी बघू नका

रग्नहिल्डचं नाव चोरलं असं मी म्हटलं की आमचे पाद्री मोगेन्स मला सुधारतात. चोरलं नाही म्हणे, तिच्या हातून सुटलं आणि कुणीतरी उचललं. मग उचलणाऱ्याला काय म्हणायचं ते त्यांनीच सांगावं.

रग्नहिल्ड आमच्या बेटावर हेरिंग मासे धुरी देऊन विकते. वय सत्त्याहत्तर. नवरा गेल्यापासून धुरीघर एकटीच चालवते. बेटावर गिऱ्हाईक कितीसं असणार? तिचा माल जातो कोपनहेगनला, ऑर्‌हुसला, तोही नाताळाच्या जेवणासाठी, आणि मागण्या येतात वेबसाइटवर. साइट मी करून दिली होती. साइटच्या नावाची वर्षाची फी भरा अशी आठवण तिच्या मेलवर येऊन येऊन थकली. पण हेरिंगच्या मोसमात बेटावर कुणी कॉम्प्युटरला हात लावत नाही. हात कोपरापर्यंत तेलकट असतात. तिनं मेल उघडली ती ऑक्टोबर संपताना, तोवर नाव गेलेलं.

"विबेके," ती फोनवर म्हणाली, "माझ्या पानावर उघड्या पाठीच्या बाया बसल्यात. आणि टकलावर केस उगवायचं औषध आहे."

मी सायकल काढली. जाऊन पाहते तर खरंच, माशांच्या जागी सगळ्या जाहिराती, आणि खाली लिहिलेलं, हे नाव विकणे आहे. शेजारी फोन नंबर.

"तू फोन नाही ना केलास?"

"केला की. गोड बोलतो मेला. वीस हजार क्रोनर मागतो. मी म्हटलं, तेवढ्यात तुलाच धुरी देऊन डब्यात भरून पाठवते."

मी नावांची सरकारी म्हणावी तशी यादी तपासली. नाव आदल्या दिवशीच घेतलेलं होतं. मला एकदम हसू फुटलं. ती रागावली.

"अगं, त्यांचे पैसे अजून अडकलेलेच नाहीत," मी म्हटलं. "नाव घेतल्यावर पाच दिवस चाखून बघायची मुभा असते. तेवढ्यात परत केलं तर सगळे पैसे परत. हे लोक रोज हजारो नावं उचलतात, वर जाहिराती डकवतात आणि कोण किती येतंय ते मशीनला मोजायला लावतात. माणसं आली तर नाव ठेवायचं, नाही आली तर परत. लग्नाला मिरवून ड्रेस दुकानात परत नेऊन देणाऱ्या बायका असतात ना, तसलं."

"म्हणजे माझी माणसं माझ्या दारात आली की नाव त्यांचं?"

"हो."

"मग नाही यायची."

संध्याकाळी बेटाच्या सभागृहात कॉफी ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. मी समजावून सांगत होते तर निम्म्यांना जाहिरातीतल्या बायाच बघायच्या होत्या. बोटीवरचा यॉर्गन म्हणाला, "एकदा बघितलं तर काय बिघडतं?" आमच्याकडे हीच तर खोड आहे, प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच बघतोय.

मग रग्नहिल्ड उठली. "उद्या सकाळी मी माझा झेंडा अर्ध्यावर आणते," ती म्हणाली.

आमच्या बेटावर ज्या घराचा झेंडा अर्ध्यावर, त्याचं दार कुणी वाजवत नाही. तो परत वर चढेपर्यंत पोस्टमनसुद्धा पत्रं कुंपणाशी ठेवून जातो. मोगेन्स कुरकुरले, मेलं कुणी नसताना झेंडा उतरवणं बरं दिसत नाही म्हणाले.

"माझं दुकान मरायला टेकलंय," ती म्हणाली. "तुम्हाला मढंच हवं असेल तर नाताळापर्यंत थांबा."

यॉर्गननं टोपी काढली, बावळट कुठला.

बेटाचं जमलं, पण कोपनहेगनच्या गिऱ्हाइकांचं काय? ती फोन घेऊन बसली. सगळी तिला नावानिशी ठाऊक. "बिर्गिट, माझ्या पानावर जाऊ नकोस. का ते मागाहून सांगते. मासे किती पाठवू ते आत्ताच सांग." असं दिवसभर. घसा बसला तेव्हा उरलेले फोन मी केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर बाई स्वतःच कॉम्प्युटरपुढे, आणि समोर तेच पान.

"रग्नहिल्ड! सकाळपासून कितीदा उघडलंस?"

"नाव परत आलं का ते बघत होते."

"कितीदा?"

"प्रत्येक कॉफीला," ती म्हणाली. आणि ती बाई किती कॉफी पिते ते सगळ्या बेटाला ठाऊक आहे.

असला संताप आला मला. सगळं बेट दम धरून बसलेलं आणि ही आपल्याच हातानं नाव त्यांच्या पदरात घालत होती. मी इंटरनेटची वायर उपटली आणि कोटाच्या खिशात कोंबली. ती रडवेली झाली. "माझं आहे ना ते," म्हणाली, "बघू पण नको?" मला वाईट वाटलं. वायर मात्र दिली नाही.

चौथ्या दिवशी त्या गोड माणसाचा फोन आला. मी तिथंच होते. वीस हजारांचे आता चार झाले होते. म्हणाला, आजच घेणार असाल तर तीन.

रग्नहिल्डनं फोनवर हात ठेवला. "तीन आहेत माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "उद्या त्यांनी ठेवूनच घेतलं तर? मी प्यायलेल्या कॉफ्या पुरल्या असतील त्यांना तर?"

नाव तिचं, पैसे तिचे, आणि खात्री कुणालाच नाही. मी म्हटलं, "तू ठरव."

तिनं हात काढला. "ऐक पोरा," ती म्हणाली. "जे माझं आहे ते मी तुझ्याकडून विकत घेणार नाही, एका क्रोनरलाही नाही. ठेवायचं तर ठेव. दारात एक माणूस फिरकणार नाही, एवढं मी बघते." फोन ठेवला आणि मासे टांगायला गेली. मीही मागोमाग गेले, घरी जायचं धाडस झालं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी खिशातली वायर जोडली आणि यादी उघडली. त्या नावापुढे मालक नव्हता. परत करून टाकलं होतं, चव आवडली नाही म्हणून.

मी घाईघाईनं तिचं नाव, पत्ता भरला. पुढे विचारलं होतं, किती वर्षांसाठी?

"एक टाकते," मी म्हटलं. "पुढचं पुढच्या वर्षी बघू. तुझं वय..." आणि जीभ चावली.

रग्नहिल्डनं चष्मा लावला, पडद्याशी वाकली.

"जास्तीत जास्त किती देतात?"

"दहा."

"टाक दहा," ती म्हणाली. "आणि त्यांना विचार, एवढ्यावरच का थांबतात."