उजव्या दाराने

विलायतेहून आलेल्या सिनेमा कंपनीने वामनरावांच्या मंडळीचं सगळ्यांत गाजलेलं संगीत नाटक कॅमेऱ्यात उतरवून घेतलं, आणि नायिकेचं काम करणारी त्यांची बायको मथुरा आतच राहिली. साहेब म्हणाला, काळजीचं कारण नाही. पडद्यावर शेवटचं पद संपलं की बाई उजव्या दाराने बाहेर येतील, लंडनला सगळ्या तशाच येतात.

येत असतील. लंडनची मंडळी टाळ्या वाजवून निमूट उठत असतील. आपल्याकडे तसं नाही.

सिनेमा मुका, म्हणून वामनराव पडद्याखाली बसून ऑर्गन वाजवत. मथुरा ओठ हलवी, पद संपवी, दाराकडे वळे. तेवढ्यात थिएटरभर ‘वन्स मोअर’ होई आणि ती मागे जाऊन पुन्हा उभी राही. नाटकातली बाई ती, वन्स मोअर मोडायचा नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. दर खेपेला ती थोडी विरे, फार धुतलेल्या लुगड्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पोटातून मागचा राजवाडा दिसू लागला.

वामनरावांनी एकदा मुद्दाम बेसूर वाजवून पाहिलं. ती मध्येच थांबली आणि सूर जागेवर येईपर्यंत त्यांच्याकडे रागाने पाहत राहिली. त्यांना रडू आवरेना.

शुक्रवारी दुपारच्या खेळाआधी यंत्र चालवणाऱ्या जोसेफने फीत उजेडात धरून पाहिली.

“वामनराव, बाई आता एकदाच पुरतील.”

वामनरावांनी पागोटं काढून प्रेक्षकांपुढे हात जोडले. आजच्या दिवस कृपा करा, गप्प बसा, मला हिला घरी न्यायचं आहे. लोक भले होते. त्यांनी तोंडावर उपरणी धरली.

शेवटच्या पदाआधी पडद्यावर संवादाची पाटी आली. ती नाटकात नव्हती.

“अहो, दार मी उघडते. तुम्ही नीट वाजवा.”

त्यांनी जीव ओतून वाजवलं. आणि एकवीस वर्षांत कधी घेतली नव्हती अशी एक जागा मथुराने घेतली. ऐकू काहीच आलं नाही, पण वामनरावांच्या बोटांना ती कळली.

पद संपलं. कोणी हूं की चूं केलं नाही. दार उघडलं, तिचा एक पाय पडद्याबाहेरच्या फळीवर टेकला, जोडवं वाजलं. वामनरावांनी हात पुढे केला, तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तोंडून निघालं, “वन्स मोअर.”

मथुराने लाजून पदर सावरला, पाय मागे घेतला आणि सुरासाठी त्यांच्याकडे पाहिलं.