लाल दिवा न लागण्याचा चमत्कार

पाहुण्यांची दुसरी बस रिकामी झाली आणि जपानमधल्या त्या कारखान्यात सगळ्यांच्या माना वर झाल्या. छताला टांगलेल्या फलकावर बावीस यंत्रांचे बावीस दिवे, सगळे हिरवेगार. सत्तेचाळीस दिवसांत एकही लाल झाला नव्हता. फलकाच्या कोपऱ्यात उकिता सेन्सेई, म्हणजे गुरुजी, यांनी मंतरून चिकटवलेला कागद होता. लोक त्यापुढे कमरेत वाकत होते.

"दिवा म्हणजे मनाचा आरसा," सेन्सेई डोळे मिटून सांगत होते. "मन शांत, तर यंत्र शांत. यंत्र शांत, तर दिवा हिरवा."

रित्सुको मागे भिंतीला टेकून ऐकत होती. गेली अठ्ठावीस वर्षं ती याच फलकाचे दिवे बदलत आली होती. काही बिघडलं की कामगारानं डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लाल होतो, यंत्र थांबतं. पण आता ती पार थकली होती, गुडघ्यांनी दावा मांडला होता. शिडी चढायची कटकट गेली म्हणून तीही रोज त्या कागदापुढे वाकायची.

तेवढ्यात तिला पत्र्याच्या यंत्रावरचा कामगार कुवाता दिसला. पाहुण्यांना एका हातानं चहा देत होता, दुसरा खिशात. चहा दोन्ही हातांनी द्यायचा असतो; इतका रीतीचा माणूस, आणि असं?

"कुवातासान, हात दाखवा."

"किरकोळ आहे हो."

"दाखवा म्हणते ना."

अंगठ्यावरच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं. "सकाळी पत्रा वाकडा अडकला. दोरी ओढली, तरी दिवा हिरवाच, यंत्रही चालूच. म्हटलं, फलक ठीक म्हणतोय, तर माझंच चुकत असणार. घातला हात." त्यानं आवाज खाली आणला. "कुठे बोलू नका. माझ्यापायी सगळ्यांचे सत्तेचाळीस दिवस वाया जातील."

रित्सुकोला संताप आला, सेन्सेईंचा थोडा आणि स्वतःचा जास्त. दोरी ओढून दिवा लाल होत नाही, याला बिघाड म्हणतात. हे तिला तरी कळायला हवं होतं.

तिनं शिडी आणली.

"रित्सुकोसान, पाहुणे आहेत," व्यवस्थापक इनोमाता पुटपुटले.

"असू देत. त्यांनाही बघू दे."

तिनं वीज बंद केली आणि कागद सोलून काढला. मागे तारांची डबी होती. लाल दिवे लावणारी आणि यंत्रं थांबवणारी तार उपटून टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. पहिल्या दिवशी सेन्सेई 'शुद्धी'साठी तासभर दार लावून एकटे बसले होते, ते याचसाठी.

"बाई, तुमच्या अविश्वासानं शक्ती कोपेल," सेन्सेई म्हणाले.

"कोपू दे. कुवातासान, ओढा दोरी."

तार जोडून तिनं वीज सुरू केली होती. कुवातानं डाव्या हातानं दोरी ओढली. दिवा लाल झाला, यंत्र थांबलं. सेन्सेई बसकडे निघाले, त्यांना कुणी थांबवलं नाही.

रित्सुको शिडीवरच बसली. "फलक आपल्याला सांगत नसतो," ती म्हणाली, "आपण फलकाला सांगायचं असतं. डोळ्यांना वाकडं दिसलं तर ते वाकडंच आहे, वर हिरवं असो की काही असो. आधी हात बाहेर ठेवा."

दुसऱ्या दिवशी दिवा नऊ वेळा लाल झाला. रित्सुको दोनदा शिडी चढली, गुडघ्यांना शिव्या घालत. संध्याकाळी घरी निघालेल्या प्रत्येकाचे हात तिनं दारातच पाहिले. कुवाताचा अंगठा सोडला, तर सगळे शाबूत होते.