मेणाला सत्त्याण्णव टक्के

माझे दीर औषधांचं भविष्य सांगतात. कोणता रेणू रोगावर चालेल हे त्यांचा कॉम्प्युटर टक्क्यांत सांगतो आणि मग तो रेणू मी प्रयोगशाळेत हात भाजून घेत बनवते. म्हणजे लग्न जुळवणार ते, निभावणार मी.

या वेळी आमच्या कंपनीच्या प्रमुख बाईंनी निक्षून सांगितलं होतं, एकच रेणू निवडा. तो फसला तर दिरांचा विभाग बंद. दिरांनी यादीतला पहिला पुढे केला. ब्याण्णव टक्के.

"आधीच फसलेल्या रेणूंना तुमचा कॉम्प्युटर किती देतो?" मी विचारलं.

"वहिनी, तुमचा त्याच्यावर विश्वासच नाही."

नव्हताच. मी काही रेणूंच्या आकृत्या नावं झाकून त्यांच्या हाती दिल्या. थोड्याच वेळात स्वारी धावत आली.

"हा कुठून आणलात? सत्त्याण्णव! बाईंना कळवूनसुद्धा टाकलं."

"भाऊजी, ते मेण आहे. मेणबत्तीचं."

आकृतीकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं, फक्त आकड्याकडे. लांबलचक, तेलकट काही दिसलं की त्यांचा कॉम्प्युटर भाळतो, हे तेव्हा कळलं. मला हसू आवरेना. पण आपलेच दात, आपलेच ओठ. विभाग गेला तर घरी बसणार ते आमच्याच.

तेवढ्यात दिरांनी माझ्यापुढे दुसऱ्या काही आकृत्या सरकवल्या, नावं झाकून. "आता तुमचा अनुभव बोलू दे."

मी एकीवर ठसठशीत फुली मारली. "हे कधीच औषध होणार नाही."

"ही तुमची रक्तदाबाची गोळी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग दोघांनी जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मेणाची आकृती हातात घेऊन नीट पाहिली.

"रेणू बनवल्यावर हे कळलं असतं तर विभाग बंदच केला असता," त्या म्हणाल्या. "आता विभाग राहू दे. पण निवड नंतर. आधी ज्यांचा निकाल ठाऊक आहे, अशा रेणूंवर कॉम्प्युटरची परीक्षा. आणि तुमचीही. नावं मी झाकणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी गोळी तळहातावर घेतली. समोर दीर बसले होते. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी मुकाट्याने गिळली.